अंतराळवीरांना दहीसाखर

निरोप कसा द्यावा हे साऱ्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये फक्त आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना कळतं, असं मी कुणाशीही पैज लावून सांगेन. मूळचे वाईचे, नोकरी आयटीत, झुइडओस्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकटेच राहतात. कुणी बॅग घेऊन निघालेलं दिसलं की हे वाटी-चमचा घेऊन लिफ्टशी हजर. तळहातावर दहीसाखर ठेवायची आणि बजावायचं, पोचलात की कळवा. माझा नवरा एका मीटिंगसाठी तासदीड तासावरच्या नायमेखनला निघाला, तर त्यालाही सोडलं नाही. तो कळवायला विसरला, तेव्हा भर मीटिंगमध्ये ह्यांचे तीन फोन. एकदा विरजण लागलं नाही म्हणून त्यांनी दुकानातला क्वार्क, म्हणजे इथला चक्क्यासारखा प्रकार, दिला. त्या माणसाचं विमान सहा तास लेट झालं, तर दोष क्वार्कला. ही सगळी शिकवण आईची. वाईला एकट्या राहणाऱ्या आईला ते ऑफिसात पोचल्याचंसुद्धा रोज कळवत.

लॉकडाऊनमध्ये कुठे निघणारं कुणी उरलंच नाही. त्यातच आई हॉस्पिटलात, आणि भारताची विमानं बंद. खास विमानाच्या यादीत नाव घालून, भरलेली बॅग दाराशी ठेवून हे बसलेले.

मे अखेरीस एका खाजगी कंपनीच्या यानातून दोन अंतराळवीर अंतराळस्थानकाकडे निघाले. त्या शनिवारी संध्याकाळी ह्यांनी आम्हाला बोलावलं, दीड मीटर अंतर ठेवून दारात उभं केलं आणि लॅपटॉपसमोर दह्याची वाटी मांडली. मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर होते.

"घरून कुणी दिलं नसेल तर? आईनेच सांगितलंय. पोचले की तिला कळवायचंय."

रविवारी दुपारी यान स्थानकाला जोडलं गेलं. ह्यांनी बाल्कनीतून वाकून आम्हाला सांगितलं आणि तिथूनच आईला फोन लावला. उचलला मामेभावाने. आई तासाभरापूर्वी गेली होती.

अंत्यसंस्कार त्यांनी त्याच लॅपटॉपवर पाहिले. दोन माणसं पृथ्वी सोडून एका दिवसाच्या आत मुक्कामी पोचतात, सारं जग टाळ्या वाजवतं. आणि ह्या माणसाला आईपर्यंत जायला वाट नाही. कुणावर रागवावं हे मला अजून कळत नाही, म्हणून मी सगळ्यांवरच रागावते. त्या अंतराळवीरांवरसुद्धा, बिचाऱ्यांचा काही दोष नसताना.

ऑगस्टमध्ये त्यांना विमान मिळालं. मी विरजण लावलं आणि वाटी घेऊन लिफ्टशी उभी राहिले. त्यांनी बॅग खाली ठेवली, तळहात पुढे केला आणि दही खाल्लं.

"पोचलात की कळवा," मी म्हणाले.

"आता तुम्हालाच कळवायचं," ते म्हणाले.

मुंबईतलं क्वारंटाइन संपवून आठवड्याने वाईहून त्यांचा मेसेज आला. 'पोचलो. कुलूप काढतोय.' मी 'बरं झालं' असं लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, 'आधी काहीतरी खाऊन घ्या.'