टाळू भरताना
कोमट तेलाचा वास आला की मला विट्याच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. नातू अडीच महिन्यांचा होता. रोज पायांवर घेऊन मीच त्याची टाळू तेलानं भरायचे. त्या दिवशी टाळू फुगून टणक लागली, पोर दूध ओढेना. मुलगा डॉक्टरीणबाईंना म्हणाला, “बाजेवरनं पडलं.” बाईंनी मला विचारलं, “आजी, बाळ पालथं पडतं का?” ठेवलं तिथंच राहायचं ते. आदल्या संध्याकाळी रडणं थांबेना म्हणून मुलानं त्याला बगलांत धरून गदागदा हलवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. “पडतंय की. लय वळवळ्या हाय,” मी म्हणाले आणि सुनेकडं बोट केलं, “हिचंच ध्यान नव्हतं.” सुनेनं एकदा माझ्याकडं बघितलं. “अडीच महिन्यांचं पोर पालथं पडतं?” बाईंनी पुन्हा विचारलं. “व्हय.” नातू तिसऱ्या दिवशी गेला. माझ्या त्या शब्दावर सून कायमची आटपाडीला माहेरी गेली. मुलानं दुसरं लग्न केलं; आता त्या सुनेचं बाळ माझ्या पायांवर असतं. ते रडायला लागलं की मुलगा म्हणतो, “आण की हिकडं.” मी देत नाही. का, ते त्यानं कधी विचारलं नाही.