खाचकारावरची हळद

‘चर्चच्या प्रांगणातील प्राचीन शिळेची आमच्या भगिनींनी भक्तिभावाने पूजा केली. आर्मेनियन बांधवांनी ती आनंदाने स्वीकारली. एका ज्येष्ठ सभासदाने मात्र आरडाओरडा करून रंगाचा बेरंग केला.’

ओहायोतील आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात अध्यक्षांनी हे छापले आहे. तो ज्येष्ठ सभासद मी. मी जाहीर माफी मागावी, अन्यथा सभासदत्व सोडावे, असे कार्यकारिणीने कळवले आहे. मंडळाची पहिली गणेशमूर्ती मी माझ्या तळघरात रंगवली, तेव्हा हे अध्यक्ष पाटीवर अक्षरे गिरवत असतील. माफी मी मागणार नाही.

मुळात ती शिळा प्राचीन नाही. तो खाचकार आहे: क्रूस कोरलेला उभा दगड, भोवती जाळीसारखी वेलबुट्टी. आर्मेनियातील गुलाबी टफ दगडात जुन्या रीतीने घडवून तो अलीकडेच इथे आणला गेला. प्राचीन खाचकार मी पत्नीसह पाहिले ते सेवन सरोवराजवळ, नोरातुसच्या माळावर. शेकडो दगड, शेवाळाने माखलेले, आणि कोरीव काम एकाचे दुसऱ्यासारखे नाही. ज्याला जमेल त्याने तिथे अवश्य जावे. मात्र हात खिशात ठेवून जावे.

गणपतीसाठी आम्ही त्या चर्चचा हॉल घेतो. दुपारच्या आरतीनंतर एक काकू बाहेर आल्या आणि उद्गारल्या, “अगंबाई, हा तर आपल्या वीरगळासारखा!” मुलाच्या ग्रीन कार्डाचा कौल घ्यावा म्हणून त्यांनी दगडाला हळद-तेलाचा लेप लावून त्यावर नाणे चिकटवले. नाणे चिकटले. “क्वार्टर चिकटलं, यार!” असे कोणीतरी ओरडले आणि रांग लागली. अर्ध्या तासात त्या नाजूक जाळीतून पिवळे तेल ओघळत होते, कुंकवाचा चिखल झाला होता, क्रूसाच्या पायाशी उष्टा मोदक होता आणि त्यावर माश्या. मला शिसारी आली. मी ओरडलो. ते नाकारत नाही.

“काका, चिल! पाण्यानं जाईल,” अध्यक्ष म्हणाले.

पाण्याने? टफ हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड. तो तेल पितो. माझे सारे आयुष्य बांधकामात गेले, पण मला विचारतो कोण! अध्यक्षांनी स्वयंपाकघरातून भांडी घासायचा स्क्रबर आणि साबण आणला आणि घासायला सुरुवात केली. फेसात गुलाबी भुकटी उतरली.

“बघा काका, निघतंय की!”

“हळद निघत नाहीये, गाढवा, दगड निघतोय!”

‘गाढवा’ हा शब्द माझा. तो मी मागे घेत नाही.

तेवढ्यात चर्चची देखभाल करणारे आर्मेनियन गृहस्थ आले, माझ्याच वयाचे. १९१५च्या कत्तलीत ज्या गावातून त्यांचे आजोबा जीव मुठीत घेऊन निघाले, त्या गावात आज ना चर्च उरले आहे ना थडगी. तिथल्या मृतांसाठी हा एक दगड. त्यांनी मला विचारले, “तुमच्याकडे हे आदराने करतात?”

“हो,” मी म्हणालो. खोटे बोललो नाही.

“मग मी रागवू कसा?” त्यांनी मान हलवली आणि पाठ फिरवली. नखाने एका पाकळीतली हळद खरवडू लागले. अध्यक्षांचा ‘आनंदाने स्वीकार’ तो हाच. काकू घरी जाताना डबे मोजत होत्या.

कार्यकारिणीतील कोणी म्हणेल, हा म्हाताऱ्याचा तर्क. भावनांचा पुरावा नसतो, हे मलाही मान्य आहे. म्हणून भावना बाजूला ठेवतो. पुढच्या गणेशोत्सवासाठी हॉलचा जो नवा करार झाला, त्यात चर्चने एक कलम वाढवले आहे: मंडळाच्या कोणीही खाचकाराच्या दहा फुटांच्या आत जाऊ नये. त्याखाली सही अध्यक्षांची आहे, आणि ती त्यांनी दिवाळी अंकातला तो मजकूर छापायला देण्याच्या तीन आठवडे आधी केली आहे.