विम्याच्या चौकोनातलं भात

विम्याचे पैसे मिळाले म्हणून तोंड लपवून बसलेला माणूस साऱ्या नवी मुंबईत एकच झाला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. एक तर रोज दाढी करताना आरशात दिसतो. पण नावडे गावचे हे व्याही माझ्यावरही ताण. पाहुणा आला की आधी बांधावर नेऊन त्याला भात दाखवायचे, मगच पाणी विचारायचे. मुलाच्या लग्नाच्या बोलणीला गेलो तेव्हा घसा कोरडा पडेस्तोवर मला फिरवलं. मीही कमी नाही. "आमच्याकडं लोंबी याहून लांब असते," म्हणत तहान गिळली.

इमारती तेव्हा आमच्या बाजूला पोचायच्या होत्या. एका साली गणपतीनंतर पावसानं पाठ फिरवली, दाणा भरेना. पीकविमा नवाच आलेला. माझी शाळा तिसरीत आटोपलेली, तरी पारावर सगळ्यांना मीच समजावत होतो: चिठ्ठीत ज्याचं शेत निघेल तिथं ग्रामसेवक दोरीनं चौकोन आखणार, तेवढंच भात कापून तोलणार आणि तोच उतारा आसपासच्या सगळ्या गावांचा धरणार. कमी भरला तर सगळ्यांना भरपाई. चिठ्ठी निघाली व्याह्यांची आणि दोरी पडली खाडीकडच्या कोपऱ्यात, जिथं नुसती फोलपटं.

"साहेब, तिकडचं पाहुन्याला दाखवायसारखं नाय," व्याही म्हणाले. "हिरीजवळचं कापा."

मी त्यांना ढोसलं. "आज वाईट दिसू द्या, व्याही. माजं भात पन याच विम्यात हाय."

"तुमाला सवय हाय वाईट दिसायची."

ग्रामसेवक हसला आणि तिथंच कापलं.

गावोगाव भरपाई आली. लोक नारळ घेऊन व्याह्यांकडे गेले, तर हे माळ्यावर चढून बसलेले. "माजं भात वाईट, असं सरकारात लिवलं गेलं," एवढंच बोलले. मी पोट धरून हसलो.

पुढच्या साली पाऊस मनासारखा झाला. व्याह्यांनी सगळं शेत कापलं, तेवढा चौकोन उभा ठेवला. साहेबानं आता हे तोलावं म्हणून. चिठ्ठी दुसऱ्याच गावाची निघाली होती. मला ठाऊक होतं, पण सांगवेना. उलट मुलाच्या लग्नातला कोट चढवून मीच त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. ते धुवट धोतरात, मी कोटात घामाघूम, दोघं बांधावर चिमण्या हाकतोय. दाणे गळायला लागले तसं ते हळूच म्हणाले, "तुमीच सांगा व्याही, कसं हाय?"

आयुष्यात एकदाच मी म्हटलं, "आमच्यापेक्षा लांब लोंबी हाय."

त्यांनी एक लोंबी बोटांवर मापून पाहिली. मग उठले.

"चला घरी," म्हणाले. "आदी पानी पिऊ."