करंजाखालची दहा मिनिटं

आठवीच्या वर्गाला मी विज्ञानाच्या तासाला एकदा शाळेमागच्या करंजाखाली नेलं. दहा मिनिटं गप्प बसा आणि जे दिसेल, ऐकू येईल ते वहीत लिहा, एवढंच सांगितलं. कुणी मुंग्यांबद्दल लिहिलं, कुणी पानांवरच्या गाठींबद्दल. सुनंदा मात्र खोडाला टेकून डोळे मिटून बसली होती. तिची वही कोरीच होती.

"काय गं, काहीच नाही ऐकलंस?"

"बाई, इथं कुणी ओरडत नाही," ती हळूच म्हणाली. "अजून थोडं बसू?"

घंटा झाली होती. मी तिला वर्गात पाठवलं.

पुढच्या आठवड्यात तिनं विचारलं, "बाई, आज जायचं बाहेर?" धडे मागे पडले होते. मी नाही म्हटलं.

दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. वडिलांनी मारलं, कानाचा पडदा फाटला, आई तिला घेऊन मामाकडे गेली, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

झाडाखाली निवांत बसलं की मुलं घरून आणलेलं ओझं आपसूक खाली ठेवतात. तिनंही ठेवलं होतं, अगदी माझ्यासमोर. "घरी कोण ओरडतं गं?" एवढं विचारायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.