आमच्या साहेबांची निवडणूक

जन्मजात पुढारी म्हणतात तो मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही बहारीनमध्ये, जिथे आमच्यापैकी कोणालाही मत नव्हतं! हे आमचे आयरिश साहेब. आपल्या मुलखात दोन निवडणुकांत आपटून ते आमच्या बांधकाम कंपनीत इंजिनियर म्हणून आले. हमद टाउनची घरं तेव्हा उभी राहत होती. साइटवर पाऊल टाकलं की गवंड्यापासून टँकरवाल्यापर्यंत प्रत्येकाशी हस्तांदोलन, वर मुलाबाळांची नावानिशी चौकशी. त्यांच्याकडे म्हणे मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतात. त्यामुळे साहेब कधी हावरटपणा करत नसत. खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "नंबर वन तुमच्या मेहुण्याला द्या, नंबर टू मात्र मला!"

"साहेब, आम्हांला इथे मत कुठलं?" मी एकदा विचारलं.

"सराव नको का?" ते म्हणाले.

मयताला जाणं हे तर त्यांचं व्रतच. जो पुढारी मयत चुकवतो तो त्यांच्या गावात निवडून येत नाही. आमच्या परब ड्रायव्हरचे वडील तिकडे कुडाळला वारले, तर साहेब भर उन्हात काळा टाय लावून परबाच्या अरादच्या खोलीवर हजर! मयत समुद्रापलीकडे, म्हणून बिचारे दाराशीच उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात दाबून "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणू लागले. गॅसचं सिलिंडर पोचवायला आलेल्या माणसाचंही सांत्वन झालं. आम्ही ओठ चावून हसू दाबत होतो. परब मात्र साहेबांनी हात धरला तेव्हा पहिल्यांदा रडला, आणि त्या दिवसापासून तो त्यांचाच झाला.

अखेर साहेबांना बोलावणं आलं. पार्लमेंटची निवडणूक! "ही हरलो तर पुन्हा तिकीट नाही. खलास," असं सांगून ते रजेवर गेले. मतमोजणीच्या दिवशी परबानं ऑफिसातच गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, "आमच्या साहेबाक निवडून हाड रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" संध्याकाळी फोन आला. पहिल्या पसंतीत साहेब बरेच मागे. आमच्या तोंडचं पाणी पळालं! पण तिकडे पडलेल्या उमेदवाराची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीला मिळतात. फेरीमागून फेरी साहेब वर सरकत गेले, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर थेट त्यांचाच आवाज, "जिंकलो! सगळे नंबर टू!"

काय तो जल्लोष! कोणी टेबल बडवलं, कोणी "यल्ला, यल्ला" करत नाचलं, मी तर कधी न हसणाऱ्या अकाउंटंटला मिठी मारली. परब धावत जाऊन पेढे घेऊन आला. वाटता वाटता मध्येच थांबला.

"मग साहेब परत कधी येतले?"

खासदार झालेला माणूस साइटवर कशाला परत येतोय? परबानं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.

"गाऱ्हाणां घालताना," तो हळूच म्हणाला, "ह्यां माझ्या ध्यानातच येवक नाय."