सिस्टरले बोलावतो

बुलढाण्याच्या दवाखान्यातून आईला घरी आणत होतो. आमच्या धाड गावाच्या एसटीत आईच्या पलीकडे एक पस्तिशीची बाई बसली होती, मांडीवर कागदपत्रांची फाईल घेऊन. आईला डुलकी लागली, तसा तिनं न विचारताच आईचा हात उचलला आणि सलाईननं सुजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"कोमट पाण्यानं शेका. उतरते."

"दवाखान्यात आहात का?" मी विचारलं.

"होतो. नऊ वर्षं वॉर्डात मदतनीस. मंग काम सोडून तीन वर्षं नर्सिंग शिकलो. आज नर्सच्या जागेची मुलाखत होती."

"मग नऊ वर्षांचा अनुभव कामी आला असेल."

ती मोकळ्या हातानं फाईलची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"सायबानं इचारलं, पेशंटले अचानक दम लागला तं पयले काय करसान? सारं येते मले. उठवून बसवाचं, ऑक्सिजन लावाचं. पण तोंडातून निंघालं, सिस्टरले बोलावतो. समोरचे हसले. नऊ वर्षं तेच तं केलं न भाऊ."

तिनं खिडकीच्या दांडीला डोकं टेकून डोळे मिटले. बोटं मात्र आईच्या नाडीवरच होती.

धाड आलं. आईला उतरवताना दुसरा हात तिनंच धरला. खाली पोचल्यावर आई म्हणाली, "येतो हो सिस्टर."

पायरीवर उभ्या त्या बाईनं मागं वळून गाडीत पाहिलं, कोणाला म्हणतात म्हणून.