पहिली, पण कंसात

"खुल्या गटात? तू?"

नोंदणीच्या टेबलावरच्या सरांनी माझं बोनाफाईड दोन बोटांनी धरलं होतं. मी तेव्हा नववीत. वक्तृत्व स्पर्धेसाठी सकाळच्या बसने आईबरोबर समुद्रपूरहून वर्ध्याला आले होते. खुला गट म्हणजे वयाची अट नाही, शाळा-कॉलेजातले सगळे एकत्र, एवढं मला माहीत होतं. सरांना जन्मतारीख पाहायची होती म्हणे. पण नजर तिथे थांबलीच नाही. थेट जातीच्या ओळीवर गेली.

"तुमचं तं राखीव असते ना? मंग खुल्यात काऊन आली?"

शेजारचे दोन मास्तर हसले. मला वाटलं, माझंच काही चुकलं. मी विचारलं, "मंग मी कुठं बोलू, सर?" त्यावर ते आणखी हसले. तिघेही मराठीचे शिक्षक. एका शब्दाचे दोन अर्थ शिकवून पगार घेणारे, आणि स्वतःला येत होता एकच. शेवटी नाव लिहिलं. उपकार केल्यासारखं.

विषय होता 'माझे गाव'. बाकीच्यांनी हिरवी शेतं, मायेची माणसं, असं पाठ केलेलं म्हटलं. मी गावातल्या दोन हातपंपांवर बोलले. एक त्यांचा, एक आमच्या वस्तीचा. त्यांचा बिघडला की त्यांच्या बाया आमच्या पंपावर येतात आणि पाणी भरायच्या आधी पंप धुऊन घेतात, हे सांगितलं. सभागृहात चुळबुळ झाली. परीक्षक मात्र लिहीत होते.

बक्षिसाआधी आम्हाला मंचाजवळ उभं केलं. निकालाचा कागद टेबलावर उघडाच पडला होता. माझ्या नावापुढे एक. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतणीपुढे दोन. मी दोनदा वाचलं. पोटात आनंद मावेना.

मग तेच नोंदणीवाले सर माइकवर आले. "प्रथम क्रमांकाची मानकरी ठरली आहे..." आणि पुतणीचं नाव. टाळ्या. मग जरा खालच्या आवाजात, "मागासवर्गीयांतून प्रथम क्रमांक पटकावला आहे..." आणि माझं.

ती मानकरी. मी पटकावला. जसं काही तिच्या ताटातलं उचलून पळाले. गावच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार हे आधीच ठरलेलं असतं. इथेही तेच. फक्त बैलांच्या जागी पोरी.

कप आणि प्रमाणपत्र घेऊन आईकडे आले. प्रमाणपत्र पाहिलं. 'प्रथम' हा शब्द काळ्या शाईत, सुरेख, जाड. त्याच्यापुढे निळ्या बॉलपेनने कोंबलेलं, कंसात, मागासवर्गीयांतून. इतक्या घाईत की कंस बंद करायचाही राहून गेला होता.

आई मागच्या खुर्चीत होती. तिने कप पदराने पुसला आणि हळूच विचारलं, "तू पहिली. मंग दुसरी कोन आली वं? कोनाची पोट्टी हाय?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या पोरीच्या आईला भेटायचं होतं. मी सभागृहभर पाहिलं. दुसरी नव्हतीच. आमच्यातली मी एकटीच आले होते. एकातून पहिली! आधी लाज वाटली. मग लाज वाटली याचाच संताप आला.

तेवढ्यात विजेत्यांना मनोगतासाठी बोलावलं. कप घेऊनच मंचावर गेले. माइक हातात आला.

"सर, मागासवर्गीयांतून दुसरं कोन आलं? माझी माय विचारून राह्यली."

कोणी हसलं नाही. सर पुढे आले. "पोरी, तुझ्या भल्यासाठीच केलं ना हे?"

"मंग तिसरं कोन आलं?"

अध्यक्ष घड्याळ पाहू लागले. कोणीतरी माइक बंद केला. मी कप अध्यक्षांपुढे टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. प्रमाणपत्र दिलं नाही. पुरावा कोणी परत देतं का?

बस जाम गावाच्या फाट्यावर आली तेव्हा आई खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "कप चांगला होता वं." त्यानंतर पुन्हा खिडकीबाहेर पाहत बसली.

आज मी स्वतः मराठी शिकवते. परवा त्याच संस्थेचं पत्र आलं. यंदा परीक्षक म्हणून यावं, अशी नम्र विनंती. सोबत कार्यक्रमपत्रिका. त्यात माझ्या नावाखाली परिचय छापलाय: आमच्याच स्पर्धेत प्रथम (मागासवर्गीयांतून). या वेळी कंस बंद केलाय. एवढ्या वर्षांत यांची तेवढीच प्रगती झाली.

मी जाणार आहे. जुनं प्रमाणपत्र पर्समध्ये घेऊन. निकालाच्या कागदावर सही माझी लागेल. जी पोरगी पहिली, तिच्यापुढे मी 'पहिली' एवढंच लिहीन. त्याच्यापुढे कोणी पेन टेकवलं, तर तो कागद घेऊन माइकवर जाईन आणि माझ्या आईचा प्रश्न पुन्हा विचारीन. माइक बंद केला तर मोठ्याने विचारीन. उत्तर मिळेपर्यंत मंचावरून उतरणार नाही.